कॅलेंडरात एकादशी दोनदा का येते?

२०२५ च्या कार्तिकात अनेक घरांत एकच प्रश्न फिरत होता: उपवास शनिवारी करायचा की रविवारी? शनिवार १ नोव्हेंबरच्या चौकोनात ‘स्मार्त एकादशी’ आणि शेजारच्या रविवारच्या चौकोनात ‘भागवत एकादशी’. पंढरपूरची कार्तिकी यात्रा रविवारी भरली. घरातल्या आजी मात्र शनिवारीच साबुदाणा भिजवून बसलेल्या. मग फॅमिली ग्रुपवर चर्चा: पंचांगवाल्यांचं गणित चुकलं का? देवाला दोन दिवस कसे चालतील? आणि आपण नक्की कोण, स्मार्त की भागवत?

असं वर्षातून काही वेळा होतं. गोकुळाष्टमीलाही कधी कधी होतं. दर वेळी कुणीतरी ‘हा सगळा गोंधळ आहे’ म्हणून विषय मिटवून टाकतं. मला ते पटत नाही. या दोन चौकोनांत आपल्याकडच्या उपासनेच्या दोन मोठ्या परंपरा शेजारी शेजारी छापलेल्या असतात. त्या नीट समजून घेतल्या तर तारखेचं कोडं सुटतंच, शिवाय आपल्या देव्हाऱ्यात इतके वेगवेगळे देव एकत्र कसे नांदतात तेही कळतं.

आधी तिथी म्हणजे काय

तारीख मध्यरात्री बदलते, सगळ्यांची एकाच पद्धतीने आणि बरोबर चोवीस तासांनी. तिथीचं तसं नाही. आकाशात चंद्र सूर्याच्या पुढे सरकत जातो. हे अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. पूर्ण फेरीचे ३६० अंश आणि बारा-बारा अंशांच्या तिथी, म्हणून महिन्याच्या तिथी तीस. पण चंद्राचा वेग सारखा नसतो. त्यामुळे एखादी तिथी वीसेक तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तासांहून जास्त चालते. ती सकाळी लागेल, भर दुपारी लागेल किंवा रात्री दोनलाही लागेल.

मग दिवसाला नाव कुठल्या तिथीचं द्यायचं? नियम असा की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल तिचं. कारखान्याच्या हजेरीसारखं समजा. सूर्य उगवताना हजेरी होते आणि त्या क्षणी जी तिथी हजर असेल तिच्या नावावर दिवस लागतो. एखादी तिथी हजेरीनंतर आली आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपूर्वी निघून गेली, तर तिच्या नावावर एकही दिवस लागत नाही. तिला क्षयतिथी म्हणतात. एखादी लांबलेली तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना हजर सापडते. ती वृद्धितिथी.

इथपर्यंत सगळे सहमत आहेत. मतभेद पुढे आहे: हजेरी नेमकी किती वाजता घ्यायची आणि आदल्या तिथीची किती सरमिसळ चालवून घ्यायची?

स्मार्त कोण, भागवत कोण

वेदांना श्रुती म्हणतात आणि आचारधर्म सांगणाऱ्या ग्रंथांना स्मृती. स्मृतींप्रमाणे चालणारा तो स्मार्त. त्याची उपासना एका देवापुरती बांधलेली नसते. पंचायतन पूजेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. शिव, विष्णू, देवी, गणपती आणि सूर्य अशा पाच देवतांची एकाच तबकात पूजा होते. मूर्तींऐवजी बहुधा खडे असतात. विष्णूसाठी गंडकीतला शाळिग्राम, शिवासाठी नर्मदेतला बाण, गणपतीसाठी शोण नदीतला तांबूस दगड. ज्याचं आराध्य शिव, त्याने बाण मध्ये ठेवायचा आणि बाकीचे चार कोपऱ्यांत. गणेशभक्ताने गणपती मध्ये घ्यायचा. मधला देव बदलतो, पण तबकाबाहेर कुणी जात नाही. परंपरा या पद्धतीचं श्रेय आद्य शंकराचार्यांना देते. हीच कल्पना दगडात बांधलेली पाहायची असेल तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघावं. मधोमध शिवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं आहेत.

भागवत किंवा वैष्णव म्हणजे विष्णूला आणि त्याच्या राम, कृष्ण, विठ्ठल या रूपांना सर्वोच्च मानून त्या परंपरेची दीक्षा घेतलेला. दीक्षा हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नुसतं ‘मला कृष्ण आवडतो’ म्हटल्याने कुणी शास्त्राच्या भाषेत वैष्णव होत नाही. रामानुजाचार्यांची परंपरा, मध्वाचार्यांची, वल्लभाचार्यांची, चैतन्य महाप्रभूंची, अशा प्रत्येक संप्रदायात गुरूकडून काहीतरी स्वीकारावं लागतं. कुठे मंत्र, कुठे गळ्यात तुळशीची माळ. मध्व संप्रदायात तर आषाढी एकादशीला शंख-चक्राच्या तापवलेल्या मुद्रा अंगावर उमटवून घेतात.

महाराष्ट्रातला सर्वांत मोठा भागवत संप्रदाय वारकऱ्यांचा. गळ्यात माळ, पंढरीची वारी आणि एकादशी हे त्याचे कणे. या व्रताला जातीची अट नव्हती, फार शिकलेलं असण्याचीही नव्हती. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, चोखामेळा सगळ्यांची एकादशी सारखीच. पण व्रताचा अधिकार सर्वांना असला तरी देवळाचा नव्हता, हेही इथेच सांगायला हवं. चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावं लागलं. भागवत धर्माचं मोठेपण सांगताना हा भाग गाळणं अप्रामाणिकपणाचं होईल.

दशमीचा वेध

आता पुन्हा हजेरीकडे येऊ. एकादशीच्या आदल्या तिथीचा, म्हणजे दशमीचा, उपवासाच्या दिवसाला स्पर्श होण्याला वेध म्हणतात. दशमीचा वेध टाळावा हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. फरक आहे तो वेध मोजायचा कुठून, यात.

स्मार्त सूर्योदयाला हजेरी घेतात. सूर्य उगवताना दशमी संपलेली असली की त्यांचं समाधान होतं. भागवत ती हजेरी आणखी आधी घेतात, अरुणोदयाला. सूर्योदयापूर्वीच्या चार घटका म्हणजे अरुणोदय. एक घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे चार घटकांचे शहाण्णव मिनिटं. त्या वेळेत दशमी शिल्लक असेल, तर पुढे दिवसभर एकादशी असली तरी भागवतांच्या लेखी तो दिवस दशमीने विटाळलेला. ते उपवास दुसऱ्या दिवशी करतात.

समजा सूर्योदय सहा वाजून दहा मिनिटांनी आहे. अरुणोदय चार चौतीसला सुरू झाला. दशमी पाच वाजता संपली आणि एकादशी लागली. सूर्योदयाला एकादशी आहे, म्हणून स्मार्तांचा उपवास त्याच दिवशी. पण चार चौतीस ते पाच या वेळात दशमी होती, म्हणून भागवतांचा उपवास दुसऱ्या दिवशी. दशमी साडेचारलाच संपली असती तर दोघांची एकादशी एकच झाली असती आणि कॅलेंडरात फक्त ‘एकादशी’ छापलं गेलं असतं. बहुतेक वेळा तसंच होतं.

मग कार्तिकीला काय घडलं?

२०२५ च्या कार्तिकीचा प्रकार याहून वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा होता. एकादशी लागली १ नोव्हेंबरला सकाळी नऊनंतर आणि संपली २ नोव्हेंबरला साडेसातच्या सुमारास. म्हणजे शनिवारी सूर्योदयाला चक्क दशमी होती. सूर्योदयाच्या नियमाने बघितलं तर स्मार्तांचीही एकादशी रविवारीच यायला हवी. मग त्यांना शनिवार का दिला?

उत्तर उपवास सोडण्यात आहे. उपवास सोडण्याला पारणं म्हणतात आणि ते द्वादशीला व्हावं असा दंडक आहे. त्या वेळी द्वादशी रविवारी सकाळी लागून सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास संपत होती. सोमवारी सूर्य उगवला तो त्रयोदशीला. द्वादशीची कुठल्याच दिवशी हजेरी लागली नाही. रविवारी उपवास केला असता तर सोमवारी सकाळी पारण्याला द्वादशी उरली नसती. स्मार्त गृहस्थांच्या परंपरेने पारण्याची द्वादशी जपली. उपवास दशमीमिश्रित शनिवारी घेतला आणि पारणं रविवारी द्वादशीत केलं. भागवतांनी दशमीचा स्पर्श टाळणं अधिक मोलाचं मानलं. उपवास रविवारी केला आणि पारणं सोमवारी त्रयोदशीत करायला त्यांची हरकत नव्हती.

मला हे उदाहरण फार आवडतं. दोन नियम एकाच वेळी पाळणं अशक्य होतं तेव्हा कुठला सोडायचा, हे प्रत्येक परंपरेने स्वतःच्या मनाशी ठरवून ठेवलेलं आहे. याशिवाय एकादशी दोन सूर्योदयांना सापडली तर काय, दोन्ही तिथी लांबल्या तर काय, असे बरेच उपप्रकार आहेत. ते पंचांगकर्त्यांवर सोडून पुढे जाऊ.

‘म्हणजे पंचांगवाल्यांचाच घोळ ना?’

नाही. इथे गणित एकच आहे. तिथी किती वाजता लागली आणि संपली यावर दोन्ही परंपरांचं एकमत असतं. निर्णयाचा नियम तेवढा वेगळा. (टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्यात कधी अधिक महिनाच वेगळा येतो, तो प्रश्न निराळा. तिथे वाद खरोखर खगोलगणिताचा आहे.)

हे नियमही कुणी काल-परवा काढलेले नाहीत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात व्रतांवर प्रचंड ग्रंथरचना केली. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. आणि आज पुरोहित ज्या ग्रंथाचा आधार सर्रास घेतात तो ‘धर्मसिंधु’ काशीनाथ उपाध्ये ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिला, तोही पंढरपुरात बसून. भागवतांच्या राजधानीत लिहिलेल्या या ग्रंथात स्मार्तांचा निर्णय आणि वैष्णवांचा निर्णय दोन्ही सविस्तर दिले आहेत. एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा ठरवून ग्रंथ मोकळा होत नाही. कॅलेंडरातले दोन चौकोन हे त्याच पद्धतीचं आजचं रूप आहे.

‘पण आमचं कुलदैवत तर खंडोबा!’

हा प्रश्न हमखास येतो. कुलदैवत खंडोबा म्हणजे शिवाचं रूप, कुलदेवी तुळजाभवानी, गावचा देव भैरवनाथ, भाद्रपदात गणपती आणि आषाढीला विठ्ठलाचा उपवास. मग आपण शैव, शाक्त, गाणपत्य की वैष्णव?

गोंधळ होतो तो वेगवेगळी नाती एकाच मापाने मोजल्यामुळे. कुलदैवत घराण्याकडून मिळतं. तिथे लग्नानंतर जायचं, जागरण-गोंधळ घालायचा, बाळाचं जावळ काढायचं. ग्रामदैवत गावाकडून मिळतं. तुम्ही गाव सोडलंत तरी जत्रेला परत बोलावतं. इष्टदैवत आपल्या मनाने निवडलेलं. आणि संप्रदाय गुरूकडून घेतलेला. ही चार नाती एकमेकांच्या आड येत नाहीत. माळकरी माणूस चंपाषष्ठीला जेजुरीला जातो, भंडारा उधळतो आणि त्याच्या भागवत असण्यात काही उणं येत नाही.

गोव्यात हे फार सुंदर दिसतं. तिथल्या गौड सारस्वतांत काही घराणी कवळे मठाची, म्हणजे स्मार्त, आणि काही पर्तगाळ मठाची, म्हणजे मध्व परंपरेतली वैष्णव. मठ वेगळे, स्वामी वेगळे. पण वैष्णव मठाच्या घराण्यांचं कुलदैवतही मंगेश किंवा शांतादुर्गा असतं, आणि मंगेश म्हणजे शिवच. कवळ्याच्या शांतादुर्गेची तर कथाच अशी की शिव आणि विष्णू यांच्यात युद्ध जुंपलं आणि देवीने मध्ये उभं राहून दोघांना शांत केलं. तिच्या दोन हातांतले दोन सर्प म्हणजे ते दोघे, असं भाविक सांगतात.

‘वैष्णव शिवाला मानतच नाहीत, असं ऐकलंय’

काही मानत नाहीत, हे खरं आहे. अनेक वैष्णव परंपरांत शिव हा विष्णूचा श्रेष्ठ भक्त आहे, पण बरोबरीचा देव नाही. काही कट्टर श्रीवैष्णव इतर देवांच्या पूजेपासून दूर राहतात. महाराष्ट्रातले महानुभावही पंचकृष्णांखेरीज, म्हणजे ते मानतात त्या पाच अवतारांखेरीज, कुणाची उपासना करत नाहीत. दुसरीकडे लिंगायत इष्टलिंग गळ्यात धारण करतात आणि त्याचीच पूजा करतात. एकनिष्ठा हा या परंपरांचा पाया आहे. ‘सगळे देव एकच’ हे वाक्य त्यांच्यावर लादणं मला चुकीचं वाटतं. त्यांची श्रद्धा त्यांच्या शब्दांत समजून घ्यावी.

भांडणंही झाली आहेत. नाशिकच्या सिंहस्थात वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तात स्नान करतात. एकाच पर्वाची ही दोन ठिकाणं पेशवेकाळातल्या शैव-वैष्णव संघर्षानंतर पक्की झाली. शस्त्रधारी साधूंचे आखाडे स्नानाच्या मानावरून एकमेकांवर तुटून पडत होते. संप्रदायांचा इतिहास केवळ सामंजस्याचा होता असं म्हणायला जागा नाही.

मराठी मुलखात मात्र भक्तीची मुख्य धारा दुसऱ्या बाजूने वाहिली. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ, त्यांचे गहिनीनाथ, त्यांचे गोरक्षनाथ, आणि ही नाथपरंपरा जाऊन पोहोचते आदिनाथापर्यंत, म्हणजे शिवापर्यंत. वैष्णव म्हणवणाऱ्या वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेचा उगम शिवात आहे! विठ्ठलाच्या मस्तकावर शिवलिंग आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. नरहरी सोनारांची कथा तर प्रत्येक कीर्तनकार सांगतो. हे कट्टर शिवभक्त. पंढरपुरात राहूनही विठोबाचं तोंड पाहायचं नाही म्हणत. विठ्ठलाचा करगोटा करायचं काम आलं तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात गेले. हाताने चाचपलं तर व्याघ्रचर्म आणि जटा लागल्या. पट्टी काढली तर समोर कटीवर हात ठेवलेला विठोबा. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शिव. शेवटी त्यांनी पट्टी टाकून दिली. ही आख्यायिका आहे, पण शतकानुशतकं लोकांनी ती जपली, यावरून या समाजाला काय हवं होतं ते कळतं.

‘सरकारने एकच तारीख का ठरवू नये?’

सुट्टीसाठी एक तारीख ठरवावीच लागते आणि ठरवतातही. कालगणनेत एकवाक्यता आणायचा मोठा प्रयत्न स्वातंत्र्यानंतर झाला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका लागू झाली. राष्ट्रीय पंचांगही निघतं. पण गणित एक करता येतं, व्रताचा निर्णय एक करता येत नाही. कुणी दशमीचा स्पर्श टाळायचा आणि कुणी द्वादशीचं पारणं जपायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या परंपरेचा आहे. गोकुळाष्टमीचं उदाहरण घ्या. स्मार्त मध्यरात्री अष्टमी आहे का ते पाहतात, कारण कृष्णजन्म मध्यरात्रीचा. अनेक वैष्णव सूर्योदयाची अष्टमी आणि रोहिणी नक्षत्र पाहतात, आणि आदल्या सप्तमीचा स्पर्श टाळतात. दोघांच्याही म्हणण्याला आतून सुसंगती आहे. कुणाची तारीख सरकारी शिक्क्याने रद्द करायची?

मग आपण कुठला दिवस धरायचा?

गुरूकडून वैष्णव दीक्षा घेतली असेल किंवा गळ्यात माळ असेल, तर भागवत. एखाद्या मठाशी घराणं जोडलेलं असेल, तर तो मठ सांगेल ती. दीक्षा नसलेल्या बाकी सगळ्यांना धर्मशास्त्र स्मार्तांत धरतं, त्यांनी ‘स्मार्त’ हा शब्द कधी ऐकलेला नसला तरी. पण घरात पिढ्यान् पिढ्या पंढरपूरबरोबर एकादशी धरायची पद्धत असेल, तर तीच चालू ठेवावी. कुलाचाराला धर्मशास्त्रातही मान आहे. दोन्ही दिवस उपाशी राहायची गरज नाही. जी एकादशी धराल तिचंच पारणं धरा. शनिवारची स्मार्त एकादशी आणि सोमवारचं भागवत पारणं अशी मोडतोड केली तर दोन्हींचा हिशेब चुकतो. आणि आजारी माणसाने, लहान मुलाने, गरोदर बाईने उपवासाचा हट्ट धरू नये. दूध, फळं घेऊन किंवा नुसत्या नामस्मरणाने एकादशी करायची सोय परंपरेतच आहे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

न्यू जर्सीतली किंवा लंडनमधली मंडळी अनेकदा मुंबईचं कॅलेंडर भिंतीला लावतात आणि त्यातलीच तारीख पाळतात. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिथी लागण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीसाठी एकच असतो, पण सूर्योदय प्रत्येक गावाचा आपला असतो. म्हणजे हजेरीची वेळ गावागणिक बदलते. त्या कार्तिकीला भारतात एकादशी लागली ती शनिवारी सकाळी नऊनंतर. न्यू जर्सीत त्या क्षणी शुक्रवारची रात्र होती, पावणेबाराच्या सुमाराची. शनिवारी पहाटे तिथला अरुणोदय झाला तेव्हा दशमी केव्हाच संपली होती. एकादशी शनिवारी रात्री दहापर्यंत चालली आणि रविवारी सूर्योदयाला द्वादशी होती, पारण्याला पुरेशी. भारतात ज्या एकादशीने घराघरांत दोन दिवस वाटून घेतले, तीच तिथे स्मार्तांची आणि भागवतांची एकाच शनिवारी आली. त्यामुळे परदेशात राहणाऱ्यांनी आपल्या शहराच्या सूर्योदयावर केलेलं पंचांग पाहावं. अशी पंचांगं आता फोनवर सहज मिळतात. गावाचं नाव मात्र आधी बदलून घ्यावं.